नाव न घेण्याचे शेजारी

प्रश्न असा आहे: ‘पुढच्या महिन्यात आम्ही स्कॉटलंडला जातोय. यादीत स्काय बेटावरचे फेअरी पूल आहेत, फेअरी ग्लेन आहे, किल्ल्यातला फेअरी फ्लॅग आहे. जिथे बघावं तिथे पऱ्या! तिथली माणसं खरंच पऱ्या मानत होती, की हा सगळा पर्यटकांसाठी मांडलेला बाजार? आणि मानत असतील तर कधीपर्यंत?’

वीसएक वर्षं मी एडिंबराहून मराठी मंडळींचे गट घेऊन त्या मुलखात हिंडते आहे. हिवाळ्यात काम मंदावलं की जुने खटले आणि लोककथांची संकलनं वाचत बसते. त्या जोरावर सांगते: मानत होते, चांगलं पक्कं मानत होते, आणि बाजारही आहे. फक्त लोक जे मानत होते आणि दुकानात जे मिळतं, त्यांची एकमेकांशी तोंडओळखही नाही.

आधी ‘परी’ हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा. तो आपल्याकडे फारसीतून आला आणि येताना पंख, चांदणं, गोरा नाजूक देह असं सगळं घेऊन आला. इंग्रजी ‘फेअरी’ची वंशावळ वेगळी. तो फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या नियतीच्या शब्दात, ‘फाता’त आहे. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात तो योगायोग. जुन्या स्कॉटिश फेअरीला पंख नव्हते. ती माणसाएवढी किंवा थोडी ठेंगणी असायची. हिरव्या किंवा करड्या कपड्यांत वावरायची, गुरं पाळायची, भाकऱ्या भाजायची, सूत कातायची. त्यांच्यात बाळंतपणं व्हायची, मयती व्हायच्या, भांडणं व्हायची. पंख चिकटवले ते पुढे रंगभूमीने आणि चित्रकारांनी. डनफर्मलिनच्या जोसेफ नोएल पेटनचं 1849 चं ओबेरॉन-टायटेनियाच्या, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातल्या परीराजा-राणीच्या, भांडणाचं चित्र एडिंबराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. ते बघा, सुंदर आहे. पण हायलंडमधल्या, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ मुलखातल्या, कुठल्याही म्हातारीला ते दाखवलं असतं, तर ‘हे कोण?’ असं तिने विचारलं असतं.

हायलंडची जुनी भाषा गेलिक. तिच्यात त्यांचं नाव ‘दुन्ये शी’. ‘शी’ या शब्दाला दोन अर्थ चिकटलेत: एक टेकडी किंवा उंचवटा, दुसरा शांती. म्हणजे टेकडीतली माणसं म्हणा किंवा शांतीची माणसं म्हणा. दक्षिणेकडच्या, स्कॉट्स बोलणाऱ्या सखल भागात त्यांना ‘भले शेजारी’ म्हणत. तिथलं एक जुनं यमक या शेजाऱ्यांच्याच तोंडी आहे. त्याचा मतलब असा, की आम्हाला एल्फ वगैरे म्हणाल तर जपून राहा, भले शेजारी म्हणाल तर तसे वागू, आणि ‘सीली’, म्हणजे शुभ, म्हणाल तर रात्रंदिवस तुमचे मित्र. मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. आपणही रात्री सापाचं नाव न घेता ‘लांबडं’ म्हणतो, बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणतो, आणि ज्या रोगाने गावंच्या गावं उठली त्याला ‘देवी’ म्हणत होतो. इतकं गोड नाव प्रेमापोटी ठेवलेलं नसतं.

या शेजाऱ्यांचा पत्ता नेमका ठाऊक असायचा. गावाबाहेरचा गवताळ, गोल, एकटा उंचवटा, तो ‘शीअन’. नकाशावर असली नावं शेकड्यांनी सापडतात. पर्थशरमधल्या शिहॅलियन या पर्वताच्या नावाचा अर्थ ‘कॅलिडोनियन लोकांची शी-टेकडी’ असा लावतात. 1774 मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन तिथेच तंबू ठोकून बसला. डोंगराच्या ओढीने ओळंबा किती कलतो ते मोजून त्याला पृथ्वीची घनता काढायची होती, आणि ती निघालीही. मी गटाला तिथे नेते तेव्हा हे दोन्ही सांगते. लोक पहिली गोष्ट ऐकून हसतात आणि दुसरी ऐकताना कॅमेरा काढतात.

इन्व्हर्नेसची टॉमनाहुरिक टेकडी तर आता शहराच्या पोटातच आली आहे आणि तिच्यावर कब्रस्तान आहे. तिथली गोष्ट अशी: दोन फिडलवाल्यांना एक म्हातारा चांगल्या मजुरीवर रात्रभर वाजवायला घेऊन जातो. सकाळी ते टेकडीबाहेर येतात तर शहर ओळखू येत नाही, शंभर वर्षं उलटलेली असतात. दोघे चर्चमध्ये शिरतात आणि देवाचं नाव कानी पडताच त्यांची माती होते. मला या गोष्टीतली मजुरी महत्त्वाची वाटते. शेजारी फुकट राबवत नाहीत, ठरलेले पैसे देतात. फक्त त्यांचं घड्याळ निराळं.

हा शेजार निभवायचा म्हणजे रोजची पथ्यं. दूध काढलं की थोडं सांडायचं. हेब्रिडीज बेटांवर ‘ग्रुअगाख’ नावाच्या गुरांच्या राखणदारासाठी खोलगट दगडात दूध ओतत. बाळंतिणीच्या खाटेत लोखंड ठेवायचं, खिळा किंवा सुरी, आणि बाप्तिस्मा होईपर्यंत आई-बाळाभोवती विस्तव फिरवायचा. कारण शेजाऱ्यांना माणसाच्या आईचं दूध हवं असे, माणसाचं मूल हवं असे, आणि गुराचं किंवा धान्याचं काय हवं असे तर त्यातला कस. दूध भांड्यात दिसायचं तेवढंच, लोणी मात्र धरायचं नाही. ‘कस नेला’ ही कल्पना मला या साऱ्या श्रद्धेचा गाभा वाटते. जिथे पावसाने ओट काळे पडत आणि वसंतात गाय उभी राहू शकत नसे, तिथे सगळं दिसतं तसं असूनही आतून रिकामं का झालं, याचं ते उत्तर होतं.

गाय अचानक कोसळली तर तिला ‘एल्फचा बाण’ लागला असं ठरे. पुरावाही हातात असायचा. शेतात खरोखर बारीक, सुबक गारगोटीची टोकं मिळत. आज आपण त्यांना नवाश्मयुगातली किंवा कांस्ययुगातली बाणाग्रं म्हणतो. लोक ती चांदीत मढवून गळ्यात घालत, आजारी गुराला ती बुडवलेलं पाणी पाजत. 1699 मध्ये एडवर्ड लुईड हा वेल्श विद्वान स्कॉटलंड फिरून आला तेव्हा त्याने लिहून ठेवलं, की ही टोकं न्यू इंग्लंडमधले मूळनिवासी आजही बाणाला लावतात तसलीच आहेत. असे काही बाण एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तासभर काढा.

आता या शेजाराची वाईट बाजू. मूल खंगायला लागलं, बोलेना, चालेना, की ते ‘बदललेलं’ आहे असं मानत: आपलं त्यांनी नेलं आणि त्यांचं एखादं जख्ख म्हातारं पाळण्यात ठेवलं. गोष्टींमध्ये आई अंड्याच्या टरफलात दारू गाळते आणि न राहवून ते ‘बाळ’ बोलतं, ‘इतकं वय झालं माझं, पण असं काही पाहिलं नाही!’ मुलांना ऐकवायला गंमत वाटते. पण टीरी बेटाचा पाद्री जॉन ग्रेगरसन कॅम्पबेल याने एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या माहितीत उपाय वाचा: मुलाला भरतीच्या रेषेखाली किनाऱ्यावर ठेवून यायचं आणि रडणं थांबेपर्यंत वळून बघायचं नाही. मी हे सांगते तेव्हा बसमध्ये कुणी बोलत नाही. जिथे आजाराला नाव नव्हतं तिथे त्यांनी शेजाऱ्यांचं नाव दिलं, आणि किंमत त्या मुलाने मोजली.

तुम्ही इतिहास विचारलात, म्हणून आता कागदपत्रांकडे येते. या श्रद्धेबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते मानणाऱ्यांनी स्वतः फारसं लिहिलेलं नाही. लिहिलं ते कोर्टाच्या कारकुनाने, पाद्र्याने आणि पुढे संग्राहकाने. एकाला ती जाळायची होती, एकाला ती कामाला लावायची होती, एकाला ती जपायची होती. कुणाच्या हातचा कागद आहे ते बघितल्याशिवाय एक ओळ वाचू नये.

1560 मध्ये स्कॉटलंड प्रॉटेस्टंट झाला. 1563 च्या कायद्याने चेटूक देहान्ताचा गुन्हा ठरवला. तो कायदा 1736 मध्ये रद्द होईपर्यंत सुमारे 3,800 जणांवर आरोप झाले, त्यांत बायकाच जास्त. त्यातल्या थोड्याच खटल्यांत फेअरी येतात, पण आल्या की सगळा गाव डोळ्यांसमोर उभा राहतो. एअरशरमधल्या डालरायजवळची बेसी डनलप घ्या, साल 1576. नुकती बाळंतीण, नवरा आजारी, तान्हं आजारी, गाय मेलेली. रडत रडत गुरं हाकत असताना तिला करड्या कोटातला, हातात पांढरी काठी घेतलेला एक दाढीवाला म्हातारा भेटला. तो म्हणाला, मूल जगणार नाही, नवरा बरा होईल. त्याचं नाव टॉम रीड, आणि तो 1547 च्या पिंकीच्या लढाईत मेलेला होता. पुढे तो तिला औषधं सांगायचा, चोरीला गेलेल्या वस्तूंचा ठाव सांगायचा, आणि बेसी ते शेजारपाजाऱ्यांना सांगायची. एकदा त्याने तिला आठ बायका आणि चार पुरुष भेटवले. ‘एल्फेमच्या’, म्हणजे एल्फांच्या मुलखाच्या, ‘दरबारातले’ लोक. आमच्याबरोबर ये म्हणाले, ती गेली नाही. मागे एका बाळंतपणात एक धिप्पाड बाई घरात येऊन बाकावर बसली होती आणि तिने प्यायला मागितलं होतं. बेसीने दिलं. ती एल्फेमची राणी होती, असं टॉमने नंतर सांगितलं.

बघा, इथे राणी सिंहासनावर नाही. ती बाळंतिणीच्या खोलीत बाकावर बसून प्यायला मागते. हे कारकुनाच्या डोक्यातून येणं शक्य नाही, ते बेसीचंच आहे. कारकुनाला हवा होता सैतान. बेसीच्या कागदावर शेवटचा शेरा आहे: दोषी, जाळली.

यात मेलेली माणसं आणि शेजारी यांच्यात भिंत नव्हती, हेही लक्षात येईल. 1598 मध्ये ॲबरडीनला अँड्रो मॅन नावाच्या म्हाताऱ्यावर खटला चालला. तो म्हणाला, त्यांच्या मेळाव्यात मी फ्लॉडनला पडलेला राजा पाहिला, टॉमस रायमरही पाहिला. फ्लॉडनची लढाई 1513 ची, चौथा जेम्स तिथे मेला. टॉमस तर तेराव्या शतकातला, अर्लस्टनचा. ईल्डनच्या टेकड्यांपाशी एल्फलंडच्या राणीने त्याला सात वर्षं नेलं आणि परतताना खोटं न बोलणारी जीभ दिली, असं जुनं गाणं सांगतं. (थोडं अवांतर: मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन याच भागातल्या लॉडर गावचे. 1831 मध्ये त्यांनी मुंबईत मोरभट्ट दांडेकरांशी हिंदू धर्मावर जाहीर वाद घातला. त्या वादात ईल्डनच्या टेकड्यांचा विषय कुणी काढला असता तर मजा आली असती.)

सुधारणावादी चर्चची अडचण सरळ होती. त्यांच्या जगात देवदूत होते आणि सैतान होते, मधल्या शेजाऱ्यांना जागा नव्हती. सहाव्या जेम्स राजाने 1597 मध्ये भूतविद्येवर पुस्तक लिहिलं आणि फेअरी म्हणजे सैतानाने दाखवलेला भास असं ठरवून टाकलं. लोकांची उत्तरं जास्त मोकळी होती. हायलंडमध्ये सांगत, की स्वर्गातलं बंड मोडलं तेव्हा पुष्कळ देवदूत सैतानामागोमाग निघाले. देवाने दारं लावायला सांगितली, तेव्हा जे ना आत ना नरकात असे अधांतरी राहिले, त्यातले जमिनीवर पडले ते शेजारी झाले, समुद्रात पडले ते निळे पुरुष झाले आणि आभाळात अडकले ते उत्तरेच्या आकाशात नाचणारे प्रकाश झाले.

1662 मध्ये ऑल्डर्नच्या इझोबेल गाउडीने सहा आठवड्यांत चार जबान्या दिल्या. त्यांत शेजारी आणि सैतान असे एकमेकांत मिसळले आहेत की शिवण सापडत नाही. डाउनी टेकडीच्या आत फेअरींच्या राणीने तिला पोटभर मांस वाढलं, दाराशी हंबरणाऱ्या एल्फ-बैलांची तिला भीती वाटली. एल्फ-पोरं बाण घडवतात आणि सैतान त्यांवर शेवटचा हात फिरवतो, असंही ती सांगते. या बाईचं पुढे काय झालं याची नोंद मिळत नाही.

तीसच वर्षांनी कागद पालटतो. रॉबर्ट कर्क हा ॲबरफॉइलचा पाद्री, बापाचा सातवा मुलगा, गेलिकचा पंडित. गेलिक बायबल छापून घ्यायला तो लंडनला गेला. तिथल्या कॉफीहाउसांतली मंडळी आता सैतानच काय, देवही मानेनाशी झाली होती. कर्कने उलटा डाव टाकला: माझ्या गावातल्या दिव्यदृष्टीच्या माणसांना अदृश्य प्राणी दिसतात. ते खरे असतील, तर अदृश्य जगही खरं. ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’ हे त्याचं हस्तलिखित 1691-92 चं. त्यात तो चौकस प्रवाशासारखा लिहितो. शेजाऱ्यांची शरीरं गोठलेल्या ढगासारखी, संधिप्रकाशात जास्त दिसणारी. ज्या देशाखाली राहतात तिथलाच पोशाख आणि तिथलीच भाषा. वर्षातून चारदा, तिमाही पालटताना, ते बिऱ्हाड हलवतात. दिव्यदृष्टीचे लोक त्या दिवसांत प्रवास टाळतात आणि तिमाहीच्या पहिल्या रविवारी चर्चला हटकून येतात. गावात पाद्रीपण करताना हजेरीपटावरून सुचलेलं हे निरीक्षण असावं, असं मला नेहमी वाटतं.

मे 1692 मध्ये कर्क घराजवळच्या डून टेकडीवर फिरायला गेला आणि तिथेच कोसळून मेला. वय अठ्ठेचाळीसच्या आत. गाव म्हणालं, मेला कसला, नेला. तो नातेवाइकाला दिसला म्हणे आणि म्हणाला, माझ्या पोराच्या बाप्तिस्म्याला मी येईन, तेव्हा माझ्यावरून सुरी फेका, मी सुटेन. तो आला. नातेवाईक आ वासून बघत राहिला, सुरी हातातच राहिली. त्याचं पुस्तक छापून निघायला 1815 उजाडलं, तेही कादंबरीकार वॉल्टर स्कॉटमुळे.

स्कॉटचं नाव आलं म्हणजे आपण जपणाऱ्यांच्या काळात आलो. त्याने सीमाभागातली गाणी गोळा केली. त्यांतलं टॅम लिन हे गाणं सेल्कर्कजवळच्या कार्टरहॉचं. फेअरींच्या राणीला दर सात वर्षांनी नरकाला दशांश भरावा लागतो, आणि यंदा तिने नेलेल्या टॅम लिन या माणसाची पाळी आहे. चर्चचा दशांश देऊन कावलेल्या कुळांनी शेजाऱ्यांनाही करातून सोडलं नाही, हे मला फार आवडतं. ही गाणी पुरवणाऱ्यांत कवी जेम्स हॉगची आई मार्गारेट होती. हॉग सांगतो, की ती स्कॉटला तोंडावर म्हणाली: गाणी गायला केली होती, वाचायला नव्हे. छापून तुम्ही त्यांचं गारूड मोडलंत. मार्गारेटचा बाप विल ओ’ फॉप. शेजाऱ्यांना बघितलेला आणि त्यांच्याशी बोललेला त्या खोऱ्यातला शेवटचा माणूस, असं हॉग म्हणतो.

हा ‘शेवटचा माणूस’ लक्षात ठेवा, कारण तुमचा ‘कधीपर्यंत’ त्याच्यात आहे. शेजारी नेहमी नुकतेच गेलेले असतात. ह्यू मिलर हा क्रोमार्टीचा गवंडी, पुढे भूगर्भशास्त्रज्ञ झाला. 1841 मध्ये त्याने एक गोष्ट छापली: रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये असताना ईथीच्या ओढ्याजवळ दोन मुलांनी केसाळ, खुज्या घोड्यांवरून चाललेली एक मिरवणूक पाहिली. मुलाने शेवटच्या स्वाराला विचारलं, तुम्ही कोण आणि कुठे निघालात? तो म्हणाला, आम्ही आदमच्या वंशातले नाही, आणि शांतीची माणसं स्कॉटलंडमध्ये पुन्हा दिसणार नाहीत. त्यानंतरही संग्राहकांच्या वह्या भरतच राहिल्या. 1951 मध्ये एडिंबरा विद्यापीठात स्कॉटिश अभ्यासाची शाळा निघाली, कॅलम मॅक्लीन ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन बेटांवर गेला, तेव्हा तिथेही गोष्टी मिळाल्या. आज त्या ‘तोबर अन दुआल्खाइस’ या संग्रहात इंटरनेटवर ऐकता येतात. सांगणारा बहुतेकदा म्हणतो, माझा काही विश्वास नाही हं, पण आजोबा मानायचे. आजोबांचा आवाज असता तर त्यांनीही आपल्या आजोबांकडे बोट दाखवलं असतं.

उत्तरेकडची बेटं मी पळवतेय, कारण ऑर्कनी आणि शेटलंड पंधराव्या शतकापर्यंत नॉर्स राजांची होती. तिथले ‘ट्राउ’ हे ट्रोलांचे भाऊबंद, आणि सीलचं कातडं उतरवून बाई होणाऱ्या सेल्की हा वेगळा विषय आहे.

आता तुमची यादी. फेअरी पूल सुंदर आहेत, सकाळी लवकर जा. पण वरच्या दरीचं गेलिक नाव ‘कोरी ना क्रीचे’, म्हणजे लुटीची दरी. 1601 मध्ये मॅकलाउड आणि मॅकडोनल्ड ही दोन कुळं तिथे गुरांच्या लुटीवरून लढली. फेअरी ग्लेनमधली दगडांची गोल नक्षी पर्यटक मांडतात आणि गावकरी वैतागून मोडतात. तुम्ही मांडू नका. डनव्हेगन किल्ल्यातला तो फेअरी फ्लॅग मात्र चुकवू नका. ते पूर्वेकडून आलेलं फार जुनं, विरलेलं रेशीम आहे आणि संकटात फडकवलं तर शेजारी मदतीला येतात असं मॅकलाउड मानत. दुसऱ्या महायुद्धात त्या कुळातले वैमानिक त्याचा फोटो खिशात ठेवत. एक दिवस काढून ॲबरफॉइलला जा, डून टेकडीवर चढा. वरच्या पाइनच्या झाडात कर्क अडकला आहे म्हणतात. भोवतीच्या फांद्यांना लोकांनी चिंध्या आणि नवसाच्या चिठ्ठ्या बांधल्यात.

आम्ही ज्या शेतकऱ्याकडे मुक्काम करतो त्याच्या बार्लीच्या शेतात मधोमध एक हिरवा उंचवटा आहे. नांगर त्याला वळसा घालून जातो. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, आत दगड आहेत, फाळ मोडेल. कधी लावून बघितलात का, असं विचारलं. तो म्हणाला, वडिलांनी लावला नव्हता. मग त्याने हवामानाचा विषय काढला.